सेल्फचं बटण खुर्चीच्या हाताला

आत्या,

तुला जाऊन आठवडा होत आला. माणसं येतात, सतरंजीवर बसतात आणि तुझ्या नर्सच्या नोकरीचं बोलतात. कुणाचं बाळंतपण तू कसं केलंस, कुणाच्या सासूला कशी झापलीस, नदीला पाणी असताना पलीकडच्या वस्तीवर कशी गेलीस. सगळं खरंच असणार. मी चहा देते, मान हलवते. पण तुझं नि माझं जे चाललं होतं ते यातल्या कुणालाच ठाऊक नाही. आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. ते तसंच टाकून तू गेलीस, म्हणून हे लिहायला बसले.

त्याची सुरुवात बिडकीनच्या शेळीपासून झाली. तू पैठणला तुझ्या जुन्या सिस्टर मैत्रिणीला भेटायला एकटीच ॲम्बेसेडर घेऊन निघाली होतीस. मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते आणि फाटकातून तू चालत आलीस. चपला धुळीनं भरलेल्या. एसटीनं परत आली होतीस. जिना चढून वर आलीस आणि गाडीची किल्ली माझ्या ओल्या हातात ठेवलीस.

"गाडी बिडकीनच्या अलीकडं लिंबाखाली उभी हाय. तू आन् गोविंद जाऊन घेऊन या."

मी विचारलं, बंद पडली का?

"ती कशाला बंद पडतीय? मला कडंचं दिसंना झालंय. शेळी आली ती दिसलीच नाय. वाचली बिचारी. तिच्या जागी पोरगं असतं तर?"

एवढं बोलून तू हातपाय धुवायला गेलीस. आम्ही दोघं भावंडं गेलो तर गाडी रस्त्यापासून चांगली आत, सावलीत, काचा वर करून, कुलूप लावून ठेवलेली. गोविंद म्हणाला, ह्या बाईनं गाडी सोडली सुद्धा कशी नीट लावून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा तू चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाहीस. जन्मभर दवाखान्यात काढलेली बाई तू. तुला आधीच कळलं असणार. पुढं हळूहळू सगळंच गेलं, उजेड आणि अंधार एवढंच उरलं. पण त्या दिवसानंतर तू पुन्हा स्टिअरिंगपाशी बसली नाहीस. मला वाटलं, तुला त्याचं फार वाईट वाटलं नसावं.

ती गाडी आपल्या घरात आली तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. सरकारी लिलावात घेतलेली, मागच्या सीटच्या स्प्रिंगा टोचणारी. छावणीत नेऊन तू तिला मोरपंखी रंग दिलास. भावकीत बोललं गेलं की लग्न केलं नाही, म्हणून बाईनं मोटार घेतली. दादा माझे वडील आणि तुझे सख्खे भाऊ, पण तेही वर्षभर त्या गाडीत बसले नाहीत. पुढं डिप्लोमाच्या प्रवेशाला मला तूच घेऊन गेलीस. दारावरच्या शिपायानं तुला कुणातरी मोठ्या साहेबाची बायको समजून सलाम ठोकला आणि तू तो शांतपणे घेतलास. मी इलेक्ट्रिकल घ्यावं हे तूच ठरवलं होतंस. नर्सिंगला पाठवू नका तिला, असं आईला म्हणाली होतीस, दुसऱ्याच्या वेळेवर जगावं लागतं.

तुझी नजर गेल्यावर गाडी आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायला लागली. रविवारी मी ती बाहेर काढायची, चिकलठाण्यापर्यंत एक चक्कर मारायची. तू व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून आवाज ऐकायचीस आणि मी परत आले की सांगायचीस, तिसऱ्या प्लगकडं बघ, मधूनच ठिणगी चुकवतोय. बहुतेक वेळा तिसराच असायचा. एकदा दुसरा निघाला, तर दिवसभर तू माझ्याशी नीट बोलली नाहीस.

आणि मग एका संध्याकाळी तू विचारलंस, "विजू, ह्या खुर्चीतून सेल्फ मारता येईल का?"

मी वाळूजच्या कारखान्यात पॅनेल बनवते. बटण एकीकडं आणि मोटर पार दुसरीकडं, हेच माझं रोजचं काम. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तर विचारलंस. येईल, म्हटलं, अवघड काही नाही. बॅटरीपासून एक वायर आणायची, बटणातून फिरवून सेल्फच्या सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरच्या मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी खटक्याला, द्यायची. बटण दाबलं की सेल्फ फिरणार. पण मी करणार नाही. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली आणि तू इथून बटण दाबलंस तर ती उडी मारून फाटकातून गल्लीत जाईल. गल्लीत पोरं खेळतात.

तू म्हणालीस, गिअर मीच काढून ठेवते, हँडब्रेक मीच ओढते, चाकाला दगड लाव. मी म्हटलं, पण कशासाठी? बॅटरीसाठी रविवारची चक्कर पुरते. मला वाटलं विषय संपला.

विषय संपायला तू काय मी होतीस? एक दिवस कामावरून आले तर बॉनेट उघडं, तू इंजिनावर वाकलेली, आणि हातात दारावरच्या घंटीचं बटण. शेजारच्या रेखाताईंकडून शहागंजातून मागवलं होतंस. मी सांगितलं, घंटीचं बटण घंटीपुरतंच असतं, सेल्फचा करंट त्याला सोसणार नाही. तू म्हणालीस, लावून तर बघ. तुझ्यासमोर फजिती झाली की गप्प बसशील, असा विचार करून मी ते लावलं. गिअर काढला, किल्ली बंद ठेवली आणि बटण दाबलं. सेल्फ फिरला. बोट उचललं तरी फिरतच राहिला. आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला. मी पान्यानं बॅटरीची वायर सोडवेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तू मात्र शांत.

"चिकटलं व्हय?"

चिकटलं, म्हटलं.

"मंग तुझ्याकडचं चांगलं आण की."

तेव्हा मी चिडले. हात पुसायची चिंधी आपटली आणि बोलू नये ते बोलून गेले, की तुला चालवता येत नाही ती गाडी चालू करून तू करणार काय? तू अंदाजानं मडगार्ड धरत खुर्चीपर्यंत गेलीस, बसलीस. मग जे सांगितलंस ते मी आईकडून अर्धंमुर्धं ऐकलेलं होतं, तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

तुझी पहिलीच नेमणूक, पैठणच्या खालच्या अंगाच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात. दुपारची वेळ. बाळंतीण आणली होती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर जिल्ह्याच्या बैठकीला गेलेले. दवाखान्याची जीप अंगणात उभी, पण ड्रायव्हर पाहुण्यांकडं गेलेला. गावात दुसऱ्या कुणाला जीप चालवता येत नव्हती. बैलगाडी जुंपली, सडकेपर्यंत आणली, एसटीची वाट बघत उभे राहिलात. ती बाई तिथंच, सडकेच्या कडेला, तुझ्या मांडीवर गेली. तिच्या नवऱ्यानं तुझे पाय धरले. तू काहीतरी करशील असं त्याला तेव्हाही वाटत होतं.

"किल्ली भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, विजू," तू म्हणालीस. "मी पट्ट्या बदलत होते आन् मला ती दिसत होती. तेव्हा दिसत होती, पण चालवता येत नव्हती. आता चालवता येतीय तर दिसत नाय."

आणि पुढं म्हणालीस, "मी काय आता कुठं जाणार नाय. पण दारातली गाडी चालू होती का नाय, ते मला रोज ठाऊक पायजे. लागंल त्या दिवशी बघून चालत नसतं. आन् त्यासाठी कुणाची वाट बघायची माझी तयारी नाय."

म्हणजे बदली औरंगाबादला झाल्यावर छावणीतल्या पेन्शनीत आलेल्या लष्करी ड्रायव्हरकडं जाऊन तू दर रविवारी चालवायला शिकलीस, ते हौस म्हणून नव्हतं. लिलावात गाडी घेतलीस तीही हौस नव्हती. आम्ही सगळे इतकी वर्षं तिला तुझी हौसच म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टरच्या सेल्फला असतं तसं दणकट बटण, मोठा करंट पेलणारा एक रिले, फ्यूज आणि जाड वायर घेऊन आले.

तो रविवार मी विसरणार नाही. सकाळपासून आपण दोघी शेडमध्ये. मला वाटलं होतं तू नुसती बसशील. पण तू म्हणालीस, माझी बोटं अजून आंधळी नाहीत. सोलेनॉइडचा मोठा बोल्ट कुठला आणि बारीक टोक कुठलं, ते तू चाचपून मला दाखवलंस. वायरीचं साल कसं काढायचं, तारांना पीळ कसा द्यायचा, हे मी तुला शिकवलं. पहिला पीळ तू सैल दिलास. दुसरा असा दिलास की मला ओढूनही निघेना. बॅटरीची वायर आधी काढायची आणि मगच हात घालायचा, हे माझ्याकडून पुन्हापुन्हा वदवून घेतलंस. प्रत्येक वायरीवरून बोट फिरवत विचारत होतीस, ही कुठून येती, ही कुठं जाती. मला वाटलं, वेळ बरा चाललाय हिचा.

खुर्चीच्या उजव्या हाताला मी एक डबी बसवली. तिच्यावर घरातल्या दिव्यासारखा एक खटका, तो वर केला की गाडीची किल्ली उघडल्यासारखं. शेजारी सेल्फचं बटण. खटका खाली केला की इंजिन बंद. वायर भिंतीच्या कडेनं नळीतून नेली. चाकांना पुढून-मागून दगड लावले. तू खटका वर केलास, बटण दाबलंस. गाडी दोनदा खोकली आणि लागली. तू मान एका बाजूला कलवून ऐकत राहिलीस. मग उठलीस, भिंत धरत शेडमध्ये गेलीस आणि तळवा बॉनेटवर ठेवून उभी राहिलीस. गाडीच्या बरोबर समोर.

आत्या, माझी भीती ती होती. गल्लीतल्या पोरांचं मी सांगत होते ते खरं होतं, पण मला दिसायचं ते हे. तू समोर उभी, आणि गाडी. ते तोंडानं मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू हसली असतीस.

म्हणून मी कट-ऑफ बसवला. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर, बॉनेटखाली. त्याची एक लाल चावी असते. ती लावून फिरवली तरच तुझ्या डबीला करंट मिळणार, काढली की बटण मेलं. लाल चावी माझ्या पर्समध्ये. मी कामावरून आले की ती लावायची, तू गाडी चालू करायचीस, बंद केलीस की मी चावी काढून घ्यायची.

तुला सांगितलं तेव्हा तू पदराला हात पुसत होतीस. हात थांबले.

"म्हंजे किल्ली परत खिळ्यालाच की," तू म्हणालीस.

त्यावर आपण किती बोललो. तू म्हणायचीस, मी काय लेकरू हाय? मी म्हणायचे, कारखान्यात साहेबांच्या पॅनेललासुद्धा आम्ही असंच कुलूप घालतो, त्यात कमीपणा नाही. तू म्हणायचीस, साहेब संध्याकाळी घरी जातो, मला इथंच बसायचंय. गोविंद एकदा तुझ्या बाजूनं बोलायला आला, त्याला आपण दोघींनी परत पाठवलं. माझं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. जिला दिसत नाही अशा बाईच्या हातात चालू गाडी एकटीनं सोडायची नसते. आणि तुझंही म्हणणं खोडून काढता येईल असं मला कधी काही सापडलं नाही.

मग तू विषय काढेनाशी झालीस. मी आले की फाटकाच्या आवाजावर विचारायचीस, "लावलीस का?" मी लावली म्हणायचे. तू बटण दाबायचीस. गाडी चालू असेपर्यंत दिवसभराचं सांगायचीस. भाजीवाला काय म्हणाला, रेखाताईंच्या सुनेचे दिवस कसे चाललेत. तू बॉनेटवर हात ठेवून उभी राहिलीस की मी तुझा कोपर धरून उभी राहायची. तुला ते आवडत नव्हतं, पण हात काढून घेतला नाहीस. कारखान्यात डोकं उठलेलं असलं तरी त्या पाच-दहा मिनिटांत ते उतरायचं. मला वाटलं, तू माझं ऐकलंस. आत्या कुणाचं ऐकते याचं मला नवल वाटायचं आणि थोडा अभिमानही.

पावसाळ्यात कारखान्यानं मला ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. निघताना तू म्हणालीस, लाल चावी गोविंदाकडं देऊन जा. गोविंदाची रात्रपाळी होती, तो दिवसा झोपणार. मी म्हटलं, आठवडाभर गाडी उभी राहिली तर काही बिघडत नाही. तू "बरं" म्हणालीस. इतक्या सहज म्हणालीस की मी एसटीत बसल्यावरही त्याचाच विचार करत होते.

त्यानंतर दिवाळी झाली आणि तुझा ताप सुरू झाला. छातीत कफ धरला. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाही तू सिस्टरला सांगत होतीस की सलाइन जोरात चाललंय, जरा हळू कर. ती पोरगी बिचारी करायचीही. शेवटच्या संध्याकाळी मी जवळ बसले होते. तू विचारलंस, "लाल चावी कुठाय?" मी म्हटलं, पर्समध्येच आहे. तू हसलीस. चांगली हसलीस, खोकला येईपर्यंत. मला वाटलं तापात आहे.

अस्थी पैठणला न्यायच्या ठरल्या. गोदावरीतच सोड, हे तू फार आधी सांगून ठेवलं होतंस. दादा गावाकडून आलेत. ते म्हणाले, भाड्याची गाडी करू. मी म्हटलं, तिच्याच गाडीनं जाऊ. म्हणून काल सकाळी गाडी बघायला बॉनेट उघडलं. लाल चावी माझ्याकडंच होती, कट-ऑफ बंदच होता. सवयीनं पुढच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला तर दिवा लागला, म्हणजे चावी नसताना करंट येत होता.

मला आधी वाटलं लॅम्प बिघडला. पुन्हा लावला, पुन्हा लागला. मग कट-ऑफच्या मागं बोटं घातली. तिथं वीतभर वायरीचा तुकडा होता. एक टोक कट-ऑफच्या अलीकडं, एक पलीकडं. दोन्हीकडं घट्ट पीळ. वरून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला, जखमेला बांधतात तशी. पट्टी तेलकट, पिवळी पडलेली होती. कालपरवाचं काम नव्हतं ते.

मी तिथंच शेडमध्ये खाली बसले. रेखाताई कुंपणापलीकडून बघत होत्या, त्या आत आल्या. मी त्यांना वायर दाखवली. त्यांना वायरीतलं काही कळत नाही, पण पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, तू पुण्याला गेली होतीस ना, तेव्हा आत्या रोज गाडी चालू करायच्या. रेखाताईंनी तुला विचारलं होतं, विजूनं चावी ठेवली का? तर तू म्हणाली होतीस, नाही.

"तिला सांगू नका म्हणाल्या," रेखाताईंनी सांगितलं. "म्हणाल्या, चावी पर्समध्ये असली की विजूला झोप लागती. लागू द्या."

मी विचारलं, एरवीही करायच्या का, मी कामावर असताना? रेखाताई नाही म्हणाल्या. बटणावर हात ठेवून बसायच्या, पण दाबायच्या नाहीत. विजू आली की चालू करू, म्हणायच्या.

म्हणजे तेवढे सगळे महिने तू माझ्या चावीशिवाय गाडी चालू करू शकत होतीस, आणि रोज फाटकाकडं कान लावून मला विचारत होतीस, लावलीस का. कुणाची वाट बघायची तयारी नाही म्हणणारी तू. मला तुझ्यावर रागवायचं होतं. बॅटरीपाशी, न बघता, एकटीनं जोड मारलास, घसरला असता पाना तर? हे विचारायला मी तोंड उघडलं आणि समोर रेखाताई होत्या.

दुपारी मी कट-ऑफ काढून टाकला. तुझी चिकटपट्टीही काढली, तेलानं ती सुटलीच असती. तुझा जोड तपासला. त्यात मला काही करावं लागलं नाही, नुसती काळी टेप गुंडाळली.

रात्री जेवताना दादांनी पुन्हा तोच विषय काढला. गाडी किती दिवसांची उभी, वाटेत बंद पडली तर अस्थी घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागेल, भाड्याची सांगून ठेवू का, असं विचारत होते. मी म्हटलं, दादा, ती बंद पडणार नाही. आत्या आजारी पडेपर्यंत ती रोज चालू होत होती. मी पुण्याला होते तेव्हासुद्धा.